सीकॉकला ग्रीस कुठलं? आधी व्हॉल्व्ह बघा

मे संपत आला की नेरुळ-बेलापूरच्या आमच्या बोटवाल्या मंडळींत बोटी वर काढायची गडबड सुरू होते आणि मग दरवर्षीचा प्रश्न, सीकॉकला ग्रीस कुठलं लावायचं. सीकॉक म्हणजे बोटीच्या बुडाला इंजिनच्या पाण्यासाठी, सिंकसाठी, टॉयलेटसाठी जी भोकं असतात त्यांच्यावरचे व्हॉल्व्ह. बरेच जण गॅरेजमधलं व्हील बेअरिंगचं ग्रीस आणून चोपडतात, मला ते पटत नाही. दीड इंची भोक पाण्याखाली दोन फुटांवर असेल आणि पाइप निसटला तर मिनिटाला शंभर लिटरच्या वर पाणी आत येतं, त्या वेळी हँडल एका हाताने फिरलंच पाहिजे.

ग्रीस म्हणजे बहुतेक वेळा तेल आणि ते धरून ठेवणारा साबण, आणि खरा फरक त्या साबणात असतो. सोडियमवालं पाण्यात विरघळतं, ते सोडूनच द्या. लिथियमवालं रस्त्यावरच्या गाडीला चांगलं, पण सतत खाऱ्या पाण्यात असलेला व्हॉल्व्ह खोलला की बऱ्याचदा ते ताकासारखं पांढरं पडून बाहेर येतं, म्हणजे पाणी आत मुरलेलं असतं. कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्स हे मला सगळ्यात भरवशाचं वाटतं, पाण्याने धुपत नाही आणि गंजालाही आवर घालतं. तुर्भ्याला बेअरिंगवाल्यांकडे विचारा, डब्यावर नुसतं 'मरीन' लिहिलंय म्हणून घेऊ नका, साबण कुठला ते वाचा, आणि एनएलजीआय (ग्रीसच्या घट्टपणाचं माप) २ ग्रेड घ्या. ग्रॅफाइटवालं मात्र नको, खाऱ्या पाण्यात ग्रॅफाइट शेजारच्या ब्राँझला खातं.

आता व्हॉल्व्ह. जुना ब्राँझचा शंकूवाला, म्हणजे आत शंकूच्या आकाराचा बूच फिरतो तसा, असेल तर त्याला ग्रीस हवंच, कारण तिथे धातूवर धातू घासतो. शंकू बाहेर काढून उजेडात धरा, सगळीकडे एकसारखी मंद राखाडी झाक दिसली तर बसतोय बरोबर, पण उभी चमकदार रेघ किंवा चर दिसला तर आधी बारीक लॅपिंग पेस्टने (धातू घासायची कणीदार पेस्ट) घासून घ्या, चर ग्रीसने भरून निघत नाही. नंतर पेस्टचा कणही राहू देऊ नका, नाहीतर फिरवाल तितकं झिजत जाईल. आपल्या ठाणे खाडीच्या गाळाचंही तेच, म्हणून जुनं ग्रीस पूर्ण पुसल्याशिवाय त्यावर नवीन थापायचं नाही. बॉल व्हॉल्व्हचं वेगळं, त्यात भोक असलेला गोळा फिरतो आणि तो टेफ्लॉनच्या सीटवर, म्हणजे बैठकीवर, टेकलेला असतो, बॉलवर पातळ हात पुरतो, ग्रीसपेक्षा महिन्यातून एकदा उघड-बंद करणं जास्त कामाचं. प्लास्टिकच्या म्हणजे काचतंतू घातलेल्या नायलॉनच्या व्हॉल्व्हला मी सिलिकॉन ग्रीसच लावतो, कारण आतली ओरिंग (पाणी अडवणारी गोल रबरी कडी) ईपीडीएम नावाच्या रबराची असली तर पेट्रोलियम तेलाने ती फुगते आणि हँडल जाम होतं.

आणि हो, प्रत्येक व्हॉल्व्हच्या शेजारी त्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा, व्हॉल्व्हने दगा दिला तर भोकात ठोकायला, तिला पर्याय नाही.

बोट परत पाण्यात उतरवली की पहिल्या दिवशी प्रत्येक व्हॉल्व्हखाली कोरडा टिश्यू ठेवा, शंकूवाल्यातून थेंब आला तर वरचे दोन्ही नट पाव-पाव फेरा आळीपाळीने आवळा आणि दर वेळी हँडल फिरवून बघा, जड लागलं की तिथेच थांबा.