एक पोच घेतली नाही आणि अख्खा पावसाळा भिंत ओली राहिली

मागच्या वर्षी आषाढात आठ दिवस झड लागली होती. पोराचा जन्मदाखला शोधायला कपाट उघडलं तर माझ्या लग्नाच्या शालूवर करडे ठिपके. बोट फिरवलं तर उडदाच्या पानावर येते तशी भुरी बोटाला लागली. कपाट ओढून पाहिलं तर मागची भिंत खालून तीन फुटापर्यंत काळी, पोपडे सुटलेले, आणि कपाटाच्या पाठीचा पत्रा गंजून हातात येत होता.

मिस्त्री आला, भिंतीवर थाप मारली आणि म्हणाला वॉटरप्रूफ पुट्टी मारून वरून ऑइलपेंट देऊ, आठ हजार. मामाजी (माझे सासरे) म्हणाले थांब, आधी पाणी कुठून येऊन राहिलं ते पाहू. हे सगळ्यांनी करा. एक फूट बाय एक फूट प्लास्टिक भिंतीला चारी बाजूनं टेपनं चिकटवायचं (पोपडे खरवडून घ्या, नाहीतर टेप धरत नाही) आणि दोन दिवस ठेवायचं. प्लास्टिकला आतून, म्हणजे भिंतीकडून घाम आला तर पाणी भिंतीतूनच येते, खोलीकडून आला तर घरातली हवाच दमट आहे. आमच्या प्लास्टिकच्या मागं थेंब लोंबत होते.

कारण बाहेर होतं. दोन महिन्यांआधी ग्रामपंचायतीनं सिमेंट रस्ता केला, जुना न खोदता त्याच्यावरच थर दिला, त्यामुळे रस्ता आमच्या जोत्यापेक्षा वीतभर उंच झाला आणि आमच्याकडची नाली बुजली. इकडं सगळी काळी माती, एकदा भिजली की फुगते आणि पाणी सोडतच नाही, ते पायव्याशी उभं राहते आणि विटा ते दिव्याच्या वातीसारखं वर ओढतात. अशा भिंतीला आतून कितीही पुट्टी मारा, पाणी मागं तसंच.

मग नालीसाठी ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला. घर मामाजींच्या नावावर म्हणून सही त्यांची, सोबत नमुना 8 (पंचायतीतल्या घराच्या नोंदीचा उतारा) आणि भिंतीचे फोटो. मी स्वतः पंचायतीत गेली. तिथले दादा म्हणाले, "ठेवून जा वहिनी, साहेब आले की दाखवतो." मी ठेवून आली.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत उठून बोलली, सरपंचभाऊ म्हणाले घेऊ हा विषय. बरं वाटलं. मग चकरा सुरू. साहेबांकडं, म्हणजे ग्रामसेवकांकडं, तीन गावं, आपल्याकडं कोणत्या दिवशी येतील ते कोणालाच माहीत नाही, आले तर मीटिंग, मीटिंग नसली तर नेट नाही. पाच चकरा झाल्या. सहाव्यांदा भेटले तर म्हणाले तुमचा अर्जच नाही. आवक रजिस्टर माझ्याकडं फिरवलं आणि जुलैचं पान बोट ठेवून वरून खाली वाचून दाखवलं, कोणाचा रहिवासी दाखला, कोणाचं नळ कनेक्शन, आमचं नाव कुठंच नाही. सभेच्या इतिवृत्तातही एक ओळ नाही. बाहेर पाऊस धो धो सुरू होता, पोरगा घरी रात्र रात्र खोकत होता, आम्ही गाद्या सपरीत (ओसरीत) आणून टाकल्या होत्या, आणि इथं मला सांगतात तुम्ही अर्जच दिला नाही. मला रागानं रडू आलं. अजूनही ते रजिस्टर आठवलं की हात थरथरतात.

म्हणून सांगते, अर्जाच्या दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक नंबर घेतल्याशिवाय उठू नका. "नंतर या" म्हटलं तरी बसून राहा.

दुसरा अर्ज पोच घेऊन दिला. महिना गेला, काही नाही. मग माहिती अधिकारात अर्ज टाकला, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. तीन गोष्टी मागितल्या, माझ्या अर्जावर काय केलं, ग्रामसभेचं इतिवृत्त, आणि त्या रस्त्याचं अंदाजपत्रक व मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहितात ती) प्रत. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागते, मला 28 व्या दिवशी मिळालं, प्रतीचे पानाला 2 रुपये घेतले. त्यात साफ लिहिलं होतं, नाली दोन्ही बाजूला. आमच्या बाजूची कागदावर होती, जमिनीवर नव्हती. ती प्रत जोडून पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडं तिसरा अर्ज दिला आणि नवव्या दिवशी दारात जेसीबी उभा. त्या दिवशी मी गल्लीत सगळ्यांना चहा पाजला.

नाली झाली म्हणजे भिंत लगेच वाळत नाही. इंचाला साधारण महिना लागते आणि आमची भिंत नऊ इंची. खालपासून ओलीच्या रेषेच्या वर एक फुटापर्यंत छपाई (प्लास्टर) पाडून विटा उघड्या ठेवल्या, पायव्याला लागून काळी माती काढून मुरूम भरला, बाहेरून फरशीला उतार दिला. नवीन छपाई मे महिन्यातच केली, अख्खा उन्हाळा भिंतीला मिळाला. वरून चुना, ऑइलपेंट नाही, त्यानं ओल आत कोंडते.

बुरशी कोरडी झाडू नका, सगळीकडं उडते. तोंडाला रुमाल बांधून साबणाच्या पाण्यानं घासा आणि लगेच कोरडं करा. ब्लीचिंगमध्ये संडासचं ॲसिड टाकू नका, विषारी गॅस होते.

आणखी एक राहिलं, कूलर. पावसाळ्यात उकडते म्हणून पाणी टाकून कूलर लावतो आणि समोरची खिडकी बंद, तो सगळा दमटपणा भिंतीलाच बसते. नुसता पंखा लावा. झडीत कपडे खोलीत नको, सपरीत वाळवा. कपाट भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवा, तुरीचे कट्टे (पोती) पाटावर.

यंदा झडीत परत प्लास्टिक चिकटवलं, दोन्ही बाजूंनी कोरडं निघालं. शालू दोनदा ड्रायक्लीनला दिला, ठिपके गेले नाहीत. नालीच्या तोंडाशी आता गाळ आला आहे, त्याचा अर्ज सोमवारी दिला, पोच फाईलला लावली आहे.