षड्ज उजवीकडे सरकत होता, त्याचा छडा लागला

छडा लागला, मंडळी. माझ्या हॉलमधल्या दोन स्पीकरांवर गाणं लावलं, की काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळी पट्टीत) गाणारा पुरुष आवाज षड्जावर आला की उजवीकडे सरकतो, हे मागच्या वेळी लिहिलं होतं. बाकी स्वरांना गवई अगदी मधोमध, षड्ज लागला की वीतभर उजवीकडे. टो-इन (स्पीकर आत वळवण्याचा कोन) बदलून झाला, केबल अदलाबदल करून झाल्या, डावा स्पीकर उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवून झाला. सरकणं जिथल्या तिथे. म्हणजे स्पीकर निर्दोष, अ‍ॅम्प निर्दोष, खोट खोलीत. पण दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये ती नेमकी कुठे बसली आहे, ते हाती लागत नव्हतं.

पहिला धागा मिळाला अब्दुल करीम खाँसाहेबांकडून. त्यांच्या जुन्या तबकड्या मोनो, म्हणून इमेज (आवाज कुठून येतोय असं भासतं ती जागा) तपासायला मी नेहमी त्याच लावतो. दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येतो, तेव्हा तो मध्यावर उभा राहिलाच पाहिजे. आणि राहतो, जराही हलत नाही. पण खाँसाहेबांचा गळा उंच पट्टीचा, शिवाय त्या काळच्या ध्वनिमुद्रणात खालचा भाग तसा कमीच. म्हणजे गडबड खाली कुठेतरी आहे. मग मोबाइलवरचा तानपुरा मोनो करून लावला आणि एकेक पट्टी उतरत गेलो. काळी चार, मधोमध. पांढरी पाच, मधोमध. काळी एकवर आलो आणि जोडाच्या (मधल्या दोन, षड्जाच्या) तारा उजव्या स्पीकरकडे कलल्या. तिथला षड्ज १३८.६ हर्ट्झ. आकडा वहीत लिहिला आणि त्याभोवती गोल केला.

दुसरा धागा उकाड्यानं दिला. मे महिन्यात सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीचं स्लायडिंग उघडं ठेवल्याशिवाय बसवत नाही. परवा संध्याकाळी वळिवाचं वारं सुटलं, धूळ आत यायला लागली म्हणून तानपुरा चालू असतानाच स्लायडिंग ओढलं. जोड सरळ मध्यावर आला! पण अंगानं पार बारीक झालेला. दार उघडलं, पुन्हा उजवीकडे, पुन्हा भरदार. मी तिथेच उभा राहून दार उघड-बंद करत होतो, बायको धुळीनं वैतागली होती.

आता चित्र स्पष्ट आहे. माझी समोरची भिंत निम्मी वीटकामाची, निम्मी स्लायडिंगची. डाव्या स्पीकरच्या पाठीशी पक्की भिंत, उजव्याच्या पाठीशी दार. एवढ्या खालच्या कंप्रतेला आमचे छोटे बुकशेल्फ स्पीकर चहूबाजूंना सारखाच आवाज टाकतात. पाठीमागे गेलेला आवाज भिंतीवरून परततो आणि थेट आवाजाला उशिरा येऊन मिळतो. हा उशीर अर्ध्या तरंगलांबीचा भरला की दोघं एकमेकांना खातात आणि त्या कंप्रतेला आवाजात खड्डा पडतो. स्पीकरचं तोंड भिंतीपासून ६६ सेंमीवर आहे. बसण्याच्या जागेच्या कोनाचा हिशेब धरला तर परतलेल्या आवाजाला सव्वा मीटर जास्त चालावं लागतं. सव्वा मीटर म्हणजे अर्धी लांबी, पुरी अडीच मीटर. या उकाड्यात आवाजाचा वेग सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास. ३५० भागिले अडीच, १४०. वहीतल्या गोलापासून दीड हर्ट्झवर.

दार उघडं असलं की उजव्याचा मागचा आवाज बाल्कनीतून निघून जातो, खड्डा पडतो फक्त डाव्याला, आणि षड्ज उजवीकडे ओढला जातो. दार लावलं की काच भिंतीचं काम करते, दोघांनाही खड्डा, म्हणून आवाज मधोमध पण पातळ. रूम ईक्यू विझार्ड या मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही स्पीकरचे वेगवेगळे स्वीप (खालपासून वर सरकत जाणाऱ्या स्वराची माइकनं केलेली मोजणी) घेतले, दार उघडं आणि बंद अशा दोन्ही स्थितींत. ग्राफवर डाव्याचा खड्डा दोन्ही वेळा दिसतो, उजव्याचा फक्त दार बंद असताना. ज्यांनी अजून माइक घेतलेला नाही त्यांना माझं सांगणं आहे: नवी केबल, नवा डॅक सगळं राहू द्या, आधी मोजणीचा माइक घ्या. सॉफ्टवेअर तर फुकट आहे.

उपायांकडे वळतो. ईक्यूनं, म्हणजे ठरावीक कंप्रतेचा आवाज वाढवून, खड्डा भरत नाही. १४० ला दहा डेसिबल वाढवायचे तर अ‍ॅम्पला दहापट ताकद लावावी लागते, आणि भिंतीवरून परतणारा आवाजही तेवढाच वाढतो, म्हणजे खाणं चालूच. दुकानदार अशा वेळी दोन इंची फोमच्या पट्ट्या दाखवतात. त्या घेऊ नका. १४० हर्ट्झची पाव तरंगलांबी बासष्ट सेंमी भरते, पाच सेंमीचा फोम तिला अडवत नाही. तो वरचे स्वर तेवढे शोषतो आणि तानपुऱ्याची जवारी (तारेची झणझणीत झळाळी) मारून टाकतो. त्यापेक्षा पिंजाऱ्याकडून भरून आणलेली कापसाची जाड गादी डाव्या स्पीकरमागे उभी केली, तिनं खड्डा थोडा उथळ झाला. थोडाच, पण ऐकू येण्याइतका.

खरा उपाय अंतराचा. स्पीकर भिंतीला चिकटवायचे तर पाठीमागचा पोर्ट (हवेचं भोक) आड येतो, डग्गा पुन्हा घुमायला लागतो, आणि ते टाळण्यासाठीच तर आपण ते आधी भिंतीपासून बाहेर ओढले होते. मग आणखी बाहेर, १.१ मीटरवर. कुपवाडच्या फॅब्रिकेटरनं केलेले स्टँड वाळू भरल्यापासून एकट्याला उचलत नाहीत, मुलाला हाताशी घेतलं. इथे खड्डा ८४ च्या आसपास उतरतो. काळी एकच्या तानपुऱ्यात खर्ज (खालचा षड्ज) ६९ ला आणि पंचम १०४ ला, म्हणजे हा खड्डा दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडतो, कुठल्याच तारेच्या मूळ स्वरावर नाही.

आणि काय सांगू! कान जुळवायला माझ्याकडे आता एक पक्कं माप आहे. मिरजेला सतारमेकर गल्लीत एका कारागिरांकडे माइक घेऊन गेलो होतो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याआधीही आम्हा सांगलीकरांना ही गल्ली कुणी सांगावी लागत नव्हती. त्यांनी पुरुषी तानपुरा काळी एकला लावून दिला. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा नखानं केसभर पुढे सारला, तार छेडली, परत केसभर मागे घेतला, आणि एका ठिकाणी तार एकदम उजळून बोलायला लागली. ते रेकॉर्डिंग ६६ सेंमीवर लावलं तेव्हा जवारी होती, भोपळ्याचा भरदारपणा नव्हता. १.१ मीटरवर भोपळा आला. जोड मधोमध, अंगानं भरलेला, खर्ज त्याच्या खाली स्वच्छ वेगळा. त्यानंतर तेच काळी एकचं गाणं लावलं, आणि षड्ज लागला तो जागच्या जागी. दार उघडं असताना.

अडचण अशी की उजवा स्टँड आता बाल्कनीच्या वाटेत उभा आहे. “कपडे वाळत घालायला मी कुठून जायचं?” असं बायकोनं विचारलं, आणि तिचा प्रश्न रास्त आहे. म्हणून ठरवलं होतं की फरशीवर मास्किंग टेपच्या खुणा करायच्या आणि ऐकण्यापुरते स्पीकर ओढायचे. पण वाळू भरलेले स्टँड रोज ओढणं कठीण, आणि खुणेवर दोन बोटं चुकली तरी इमेज बिघडते. स्टँडला चाकं लावणं मला मान्य नाही, जमिनीशी पक्की बैठक हवीच.

हे लिहिताना एक वेगळीच वाट सुचते आहे. मांडणी उलटी फिरवली तर? बेडरूमकडची भिंत सलग वीटकामाची. स्पीकर तिकडे, सोफा बाल्कनीकडे, सोफ्यामागे कपड्यांच्या बादलीपुरती वाट. दोन्ही स्पीकरच्या पाठी सारख्याच, म्हणजे डावा-उजवा फरक मुळातूनच जाईल. उघडं दार माझ्या पाठीशी येईल, पण ते दोन्ही स्पीकरना जवळपास सारखंच लागू. अंतर मात्र जपून निवडावं लागेल. नव्या जागेचा हिशेब आत्ताच मांडला: ८५ सेंमीवर ठेवले तर खड्डा १०७ ला, थेट पंचमाच्या अंगावर. १.१ मीटरवर ८३, ते चालेल. तिकडे वाट नाही, त्यामुळे स्टँड कायमचे तिथे राहू शकतील.

मध्ये आहे फक्त काचेचं शोकेस. ते आईचं, लग्नातलं. आईला विचारलं, तर म्हणाली, “बेडरूममध्ये ठेवा, पण भांडी मी स्वतः काढीन.” तेव्हा या रविवारी शोकेस हलतंय. नव्या भिंतीचे स्वीप घेऊन ग्राफ टाकतोच. तोपर्यंत कुणी पाठीमागे उघडं दार ठेवून ऐकत असेल, तर दार उघडं आणि बंद अशी दोन्ही मापं जरूर कळवा, खासकरून ७० ते १०० हर्ट्झमधली. पावसाळ्यात आमचं स्लायडिंग बंदच असतं, म्हणून जूनच्या आधी मला ते बघायचं आहे.