चित्रबंध-वही : रुद्रटाचा घोडा चार रविवारांनी पोचला

चित्रबंध म्हणजे अक्षरं एखाद्या आकृतीत मांडून वाचता येणारा श्लोक. मागच्या नोंदीत त्यातली गोमूत्रिका, म्हणजे नागमोडी वाचायचा बंध, संपवली होती. त्यानंतर चौघांनी एकमताने तुरगपद, म्हणजे बुद्धिबळातल्या घोड्याच्या चालीने वाचायचा बंध, हाती घेतलं. बैठक नेहमीचीच, बडोद्याच्या दांडिया बाजारात ताईंच्या माडीवर, रविवारी चारनंतर. ताई संस्कृतच्या निवृत्त शिक्षिका, एक मैत्रीण बुद्धिबळवाली, एक मित्र तबलजी, आणि वही माझ्याकडे.

श्लोक रुद्रटाचा. काश्मीरचा हा पंडित नवव्या शतकातला. त्याच्या ‘काव्यालंकारा’च्या पाचव्या अध्यायात चित्रबंध आहेत, त्यांतला हा:

से ना ली ली ली ना ना ली
ली ना ना ना ना ली ली ली
ना ली ना ली ले ना ली ना
ली ली ली ना ना ना ना ली

चार ओळी, आठ-आठ अक्षरं, म्हणजे बुद्धिबळाचा अर्धा पट. सरळ वाचा किंवा पहिल्या घरापासून घोड्याच्या अडीच घरांच्या चालीने बत्तीसही घरं एकेकदा फिरा, श्लोक तोच निघायला हवा. वाट शोधायची ती आपण.

पहिला रविवार मांडणीतच गेला. पटाच्या अर्ध्या भागावर अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, झालेल्या घरावर ठेवायला चिंचोके घेतले. ताईंनी वृत्त ओळखलं: विद्युन्माला, आठही अक्षरं गुरू. त्यामुळे लघु-गुरूच्या खुणांवरून एकही घर ओळखता येत नाही. मोजदाद केली तर पंधरा ‘ना’, पंधरा ‘ली’, आणि ‘से’ व ‘ले’ एकेकदाच. म्हणजे ही दोन घरं पक्की. ‘से’ पहिलं. ‘ले’ सरळ वाचताना एकविसावं, तर घोड्यालाही ते एकविसावंच सापडलं पाहिजे. इतकं कळल्यावर आम्ही खुशीत सेव-उसळ खायला बाहेर पडलो.

दुसऱ्या रविवारी ती खुशी उतरली. (यापुढे २-३ म्हणजे दुसऱ्या ओळीतलं तिसरं घर.) कोपऱ्यातल्या ‘से’वरून घोड्याला दोनच घरं, ३-२ आणि २-३. पुढचं अक्षर ‘ना’ हवं, म्हणून २-३ ठरलेलंच. तिथून ‘ली’ दोन ठिकाणी, १-५ किंवा ४-२. मी ४-२चा हट्ट धरला. मग २-१, १-३, २-५, ३-३, १-४, २-६, ४-५, २-४, ३-६, ४-४, ३-२. प्रत्येक अक्षर बरोबर जुळत होतं, आणि चौदाव्या घरावर गाडी थांबली. ३-२ला चारच दारं, चारही आम्हीच आधी वापरलेली. फार वाईट वाटलं. संध्याकाळ तशीच उलटसुलट चाली करण्यात गेली, नोंदवण्यासारखं काही झालं नाही.

तिसऱ्या रविवारी गाठ सुटली, आणि ती सोडवली कानाने. म्हणून हा रविवार नीट लिहिते. आमचा तबलजी मित्र आपल्याच म्युझिक कॉलेजात शिकलेला. १८८६ साली सयाजीरावांच्या आश्रयाने गायक मौलाबक्षांनी जी गायनशाळा सुरू केली, तिचीच ही परंपरा. पटाकडे न बघता तो मांडीवर हात मारत श्लोक म्हणत बसला होता. चार-पाचदा म्हणून झाल्यावर म्हणाला, “ताई, दोन्हीकडे ‘ना’ आणि मध्ये एकटा ‘ली’, असं दोनदाच येतंय.”

आम्ही मोजलं. अगदी खरं! अठरावं अक्षर आणि तेविसावं. बाकी ‘ली’ जोडीने येतात, तिघं मिळून येतात, ‘ले’ला चिकटून येतात, नाहीतर अगदी शेवटी.

बुद्धिबळवाल्या मैत्रिणीने लगेच खालच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. ४-१ मध्ये ‘ली’, त्याला दारं दोनच, २-२ आणि ३-३, आणि दोन्हींवर ‘ना’! फेरी तिथेच संपत नसेल, तर हा कोपरा अठरावा तरी असणार नाहीतर तेविसावा. तेविसावा धरला, तर बाविसावं घर २-२ किंवा ३-३ होणार. पण बाविसावं ‘ले’च्या टप्प्यात हवं, आणि ही दोन्ही त्या टप्प्यात नाहीत. ‘ले’वरून ‘ना’ १-६ किंवा ४-७वरच मिळतो, २-३ तर दुसरं घर म्हणून आधीच संपलेलं. म्हणून कोपरा अठरावा. त्या क्षणी ताईंनी टाळीच वाजवली.

मग वरचा उजवा कोपरा. त्याची दारं २-६ आणि ३-७, दोन्ही ‘ली’. म्हणजे तीन ‘ली’ सलग, मधला कोपऱ्यात. तिसऱ्या-चौथ्या-पाचव्याला हे जमत नाही, कारण तिसरा ‘ली’ १-५ किंवा ४-२वरच. पंचवीस-सव्वीस-सत्तावीस धरून पाहिलं आणि ‘ले’पासून ४-७, २-८, १-६, ३-७ अशी वाट सरळ उघडत गेली.

चौथ्या रविवारी तिसरं घर म्हणून १-५ घेतलं आणि उरलेले तुकडे सांधले. पूर्ण फेरी अशी:

१ ३० ९ २० ३ २४ ११ २६
१६ १९ २ २९ १० २७ ४ २३
३१ ८ १७ १४ २१ ६ २५ १२
१८ १५ ३२ ७ २८ १३ २२ ५

आकड्यांच्या क्रमाने अक्षरं वाचून पाहा. जागेवर राहणारी घरं फक्त ‘से’ आणि ‘ले’, बाकी तीसही हलतात. शेवट ४-३ वर होतो आणि तिथून ‘से’वर उडी बसत नाही. तो दोष रुद्रटाचा नाही, चार ओळींच्या पटावर घोड्याची बंद फेरी होतच नाही. गणितज्ञ ऑयलरने घोड्याच्या फेरीवर काम केलं ते १७५९ च्या सुमारास. हा श्लोक त्याच्या कितीतरी शतकं आधीचा. काव्यशास्त्रकार मम्मटाने असल्या चित्रकाव्याला ‘अवर’ म्हणून खालच्या पायरीवर बसवलं. रसाच्या मापाने ते बरोबर असेल, पण या चार रविवारांनंतर मला ते मान्य करवत नाही.

अर्थ अजून लावायचा आहे. ताई ११व्या शतकातल्या नमिसाधूंची ‘काव्यालंकारा’वरची टीका, म्हणजे भाष्य, घेऊन बसल्या आहेत, पदच्छेद (शब्द सुटे करून) पुढच्या नोंदीत देईन. त्यानंतर माघाच्या ‘शिशुपालवधा’च्या एकोणिसाव्या सर्गातलं सर्वतोभद्र, म्हणजे सगळ्या दिशांनी वाचता येणारा बंध.

निघताना तबलजीने आणखी एक दाखवलं. बत्तीस अक्षरं म्हणजे सोळा मात्रांच्या तीनतालाची दोन आवर्तनं. ‘से’ समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येतो, आणि ‘ले’ दुसऱ्या आवर्तनाच्या पाचव्या मात्रेवर, बरोबर टाळीवर. पुढच्या रविवारी तो ठेका धरणार आहे आणि आम्ही तिघं घोडा चालवत श्लोक म्हणणार आहोत.