हीथक्लिफवरून पार्ल्यात जुंपली

आज पार्ल्यात आमच्या वाचनगटात 'वदरिंग हाइट्स' या इंग्रजी कादंबरीवरून, म्हणजे तिचा नायक हीथक्लिफ याच्यावरून, अशी जुंपली की कांदेपोहे गार झाले. कॉलेजातली एक पोरगी म्हणाली, "ताई, आपल्यावर कुणीतरी असं वेड्यासारखं प्रेम केलं पाहिजे ना!" त्यावर वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात वर्षानुवर्षं वकिली केलेल्या काकू फिस्कारल्या, "असल्या प्रेमवीरांच्या बायका यायच्या माझ्याकडे. पोटगी मागायला."

मी काकूंच्या बाजूची. हीथक्लिफ त्याच्यावर भाळलेल्या इझाबेलाला पळवून नेतो, त्या रात्री तिचं कुत्रं रुमालाने टांगून ठेवतो. घरातल्या नेली या नोकराणीला वेळेत दिसतं म्हणून ते वाचतं. इझाबेलाच्या देखत केलंय हे त्याने, तरी ती जाते! हे वाचूनही कुणाला तो रोमँटिक वाटत असेल, तर धन्य आहे. पण एका काकांनी अख्खी कादंबरीच भिकार ठरवली, ते काही पटलं नाही. माणसं वाईट म्हणून पुस्तक वाईट, हा कुठला हिशोब?

वाद जुनाच आहे म्हणा. १८४७ साली एमिली ब्रॉन्टीने हे 'एलिस बेल' या टोपणनावाने छापलं, तेव्हाही समीक्षकांना त्यातली ताकद दिसत होती आणि क्रौर्य झेपत नव्हतं. पुढच्याच डिसेंबरात ती गेली, अवघ्या तिशीत. तिच्या लिहायच्या पेटीत परीक्षणांची पाच कात्रणं सापडली. (शिव्याही जपून ठेवल्या बाईने!)

पोरगी स्टेशनपर्यंत काकूंकडून कोर्टातले किस्से ऐकत गेली. पुढच्या वेळी काहीतरी विनोदी घ्या, असं काकांचं फर्मान आहे. कोण ऐकतंय!