ताणणारा गहू, शिजणारा गहू

बेळगावात लग्न ठरलं की मांड्यांची ऑर्डर आधी जाते, आचारी मागून ठरतो. थोडी अतिशयोक्ती आहे, पण थोडीच. मांडे करणाऱ्या बायकांसमोर मी तासभर सहज बसू शकतो. रवा-मैद्याचा भिजवून, आपटून, तिंबून सैल केलेला गोळा या हातावरून त्या हातावर झुलतो आणि बघता बघता कोपरापर्यंत पसरतो, इतका पातळ की पलीकडची बांगडी दिसावी. मग तो उपड्या खापरावर जातो. वर पिठीसाखर, खसखस, वेलची आणि झटकन घडी. "काय बघायलास, हात लावू नको" असं एखादी मावशी दटावतेच. फाटत कसा नाही, याचं उत्तर अर्थातच तिच्या हातात आहे. पण सगळं नाही. थोडं गव्हाच्या गुणसूत्रांतही आहे.

पीठ मळून पाण्याखाली धूत राहिलं की पिठूळ पांढरं पाणी निघून जातं आणि हातात चिवट गोळा उरतो. इटलीत बोलोन्याच्या बेक्कारी नावाच्या शास्त्रज्ञानं अठराव्या शतकात हेच केलं होतं. आमच्याकडं शेतात पोरं गहू चावून चावून ‘चिंगम’ करतात, तोही हाच गोळा, म्हणजे ग्लुटेन. त्यात मुख्यतः दोन जातींची प्रथिनं. ग्लुटेनिनं गंधकाच्या बंधांनी एकमेकांना धरून लांबच लांब साखळ्या करतात, त्यामुळं कणीक ओढली तरी तुटत नाही. ग्लायडिनं सुटी राहतात, त्यामुळं ती पसरते. नुसती पहिली असती तर मांडा रबरासारखा मागं आला असता.

यातल्या मोठ्या ग्लुटेनिनांची जनुकं गव्हाच्या पहिल्या गटातल्या गुणसूत्रांवर, १ए, १बी आणि १डीवर असतात. प्रत्येक ठिकाणी दोन, जवळजवळ चिकटून, त्यामुळं पुढच्या पिढीत जातात ती जोडीनंच. म्हणजे एकूण सहा. पण सगळी काम करतात असं नाही. आपल्या नेहमीच्या गव्हात १एवरचं एक कायमचं झोपलेलं असतं, आणखी एखाददुसरंही गप्प बसतं, म्हणून प्रथिनं निघतात तीन ते पाच. १डीवरच्या जोडीला गहू-संशोधक ‘५+१०’ किंवा ‘२+१२’ म्हणतात. हे आकडे म्हणजे प्रयोगशाळेत जेलवर उमटणाऱ्या पट्ट्यांचे क्रमांक, त्याहून गूढ काही नाही. पाच नंबरच्या प्रथिनात सिस्टीन हे गंधकवालं अमिनो आम्ल दोन नंबरच्यापेक्षा एक जास्त असतं. तेवढ्यानं साखळीला आणखी एक हात मिळतो. जगभरच्या पावाच्या गव्हात ५+१० ला मान आहे तो यासाठी. चपातीला इतकी ताकद झेपत नाही, ती वातड होते. मांड्याला कोणती जोडी हवी, हे कुणी मावशींना विचारून तपासावं असं मला फार वाटतं. गहू पैदास करणारे पावाचा विचार करतात, बिस्किटांचा करतात, मग मांड्यानंच काय घोडं मारलंय?

आता १डीतला हा ‘डी’, म्हणजे ए, बी, डी या गव्हाच्या तीन गुणसूत्र-संचांतला तिसरा, मुळात गव्हाचा नव्हेच. आठ-दहा हजार वर्षांपूर्वी कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेकडं, शेतात पेरलेल्या खपलीच्या कुळातल्या गव्हाशी एजिलॉप्स टाउशी नावाच्या रानगवताचा संकर झाला. २८ गुणसूत्रांचा गहू ४२ चा झाला. मैदा त्याचा. खपली मात्र आहे तिथंच, २८ वर राहिली.

आणि तिचं काही अडलं नाही. गोकाक-अथणीकडच्या काळ्या रानात ती अजून दिसते. रविवार पेठेत कानडी दुकानदाराकडं ‘जवे गोधी’ म्हटलं की समोर येते. मळणीत तिचं टरफल सुटत नाही (त्यातही ५ए गुणसूत्रावरच्या एका जनुकाचा मोठा वाटा), म्हणून पाण्याचा हात लावून उखळात कांडायची, भिजवायची आणि तासन्‌तास शिजवायची. गूळ, खोबरं, वर तुपाची धार, की झाली हुग्गी. हुग्गीच्या गव्हाला कुणी ताणायला सांगत नाही. दाणा फुलून मऊ व्हावा आणि तरी दाताखाली यावा, एवढंच.

डी नाही म्हणजे ताण नाही, असा सरळ हिशोब मात्र करू नये. शेवयांचा बन्सी गहूही २८ चाच, आणि त्याच्या शेवया दोरीवर वाळत घालता येतात.

माझी तक्रार आहे ती अलीकडच्या पाकिटांवर. खपली म्हणजे ‘ग्लुटेन फ्री’ असं छापतात. साफ खोटं. ग्लायडिनंही आहेत, ग्लुटेनिनंही आहेत, फक्त बांधणी कमकुवत. सीलिअ‍ॅक आजारात (ज्यात ग्लुटेननं आतड्याला इजा होते) सगळ्यांत जास्त छळणारा ३३ अमिनो आम्लांचा तुकडा डी संचातल्या ग्लायडिनांत असतो, तो खपलीत नाही हे खरं. पण छळणारे इतर तुकडे आहेतच, आणि ज्याला सीलिअ‍ॅक आहे त्यानं हुग्गीच्या वाटीकडंही फिरकू नये. बाकीच्यांनी खपलीच्या चपात्या करायच्या तर कणीक गरम पाण्यात भिजवावी, फार पातळ लाटायला जाऊ नये, आणि तव्यावरून थेट ताटात घ्यावी. डब्यात दिली तर दुपारी घरी फोन येतो.