तुम्ही विचारलंत म्हणून: वेदी आणि टेबल

"तुम्ही ख्रिस्ती ना? मग दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या लग्नाला कायद्याची आडकाठी नसावी, असं कसं म्हणता?" रविवारची उपासना संपली की चर्चच्या पायऱ्यांवर हा प्रश्न मला हमखास गाठतो. त्याचा जुळा भाऊ एरवी भेटतो: "व्यक्तीच्या हक्कांबद्दल एवढं बोलता, मग अजून त्या चर्चमध्ये जाता कशाला?" दोन्हीकडच्यांची खात्री आहे की मी पलीकडच्या गोटातला.

आधी लपवाछपवी नको. माझ्या वाचनाप्रमाणे पवित्र शास्त्रातलं लग्न पुरुष आणि स्त्रीचं आहे. आमच्या मंडळीत समलिंगी लग्नं लावत नाहीत आणि लावावीत असा आग्रह मी कधी धरलेला नाही. त्याच शास्त्राचा वेगळा अर्थ लावणारे प्रामाणिक ख्रिस्ती आहेत, त्यांच्याशी माझा वाद चालूच असतो. पण तो वाद घरातला. तुमचा प्रश्न उंबऱ्याबाहेरचा आहे: सरकारी शिक्का, न्यायालय आणि पोलिसांची काठी कुणाच्या बाजूने उभी राहावी?

मला माझं स्वतःचं लग्न आठवतं. वेदीपुढे शपथा झाल्या, अंगठ्या झाल्या, आशीर्वाद झाला. मग पाळकसाहेब आम्हाला बाजूच्या छोट्या टेबलाशी घेऊन गेले. तिथे सरकारी नोंदवही. पाळकांचं पेन चालेना. त्यांनी ते दोनदा झटकलं, वहीच्या कोपऱ्यात गिरगटून पाहिलं, शेवटी माझ्या सासऱ्यांच्या खिशातलं घेतलं. पूर्ण नाव, वय, धंदा, पत्ता, दोन साक्षीदार. पाच मिनिटांपूर्वी देवाच्या नावाने बोलणारा माणूस आता "इथे नाही, खालच्या ओळीत" असं सांगत होता. तेव्हा मला हसू आलं होतं. पुढे कित्येक वर्षांनी ध्यानात आलं की त्या दिवशी आमची दोन लग्नं लागली, एक वेदीपाशी आणि एक टेबलापाशी. दोन्ही लावणारा माणूस एकच, म्हणून घोटाळा होतो.

हे टेबल तसं अलीकडचं. पश्चिम युरोपात कित्येक शतकं दोघांनी एकमेकांना दिलेली संमती हेच लग्न होतं. 1563 साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने धर्मगुरू आणि साक्षीदार हजर असलेच पाहिजेत असं ठरवलं. तोपर्यंत खुद्द रोमन कॅथलिक मंडळीत त्यांच्याविना झालेलं लग्नही वैध धरलं जाई. इंग्लंडमध्ये संसदेने 1753 साली कायदा करून लग्नाचा रीतसर ताबा घेतला. 'देवाने ठरवलेली संस्था वाचवा' असं सरकारला साकडं घालणारे माझे बंधू ही संस्था सरकारच्या आधीची आहे हे विसरतात.

मी स्वतःला लिबर्टेरियन म्हणवतो. शब्द जड आहे, अर्थ साधा: माणूस आपल्या जिवाचा, कष्टाचा आणि दिलेल्या शब्दाचा धनी आहे; त्याने कुणावर बळजबरी केली नाही, कुणाला फसवलं नाही, तर त्याच्यावर बळ वापरायचा हक्क कुणालाच नाही, बहुमतालाही नाही. हे मी आधी शास्त्रातच वाचलं. इस्राएल राजा मागतं तेव्हा संदेष्टा शमुवेल त्यांना बजावतो की तो तुमचे मुलगे नेईल, मुली नेईल, शेतं घेईल, दहावा हिस्सा घेईल. येशूच्या दाखल्यातला उधळ्या पुत्राचा बाप वाटणी देतो आणि मुलाला जाऊ देतो. मागे घोडेस्वार पाठवत नाही. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय उघडून दाखवणारे मला भेटतात: अधिकारी देवाने नेमलेले आहेत. मान्य. पण ते पत्र लिहिणारा पौलच करिंथच्या मंडळीला विचारतो की बाहेरच्यांचा न्याय करणं माझ्याकडे कुठे आलं?

आणि घटस्फोटाचं काय? मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात येशू घटस्फोटाबद्दल इतका कडक बोलतो की शिष्यच म्हणतात, असं असेल तर लग्न न केलेलंच बरं. समलिंगी संबंधांबद्दल त्याचं थेट एकही वचन शुभवर्तमानांत नाही. तरी कायदा घटस्फोट का देतो, असं मला पायऱ्यांवर आजवर कुणी विचारलेलं नाही. दुसरं लग्न केलेले लोक आमच्याच बाकांवर बसतात, प्रभुभोजन घेतात, आणि ते तिथे आहेत याचा मला आनंद आहे.

या मुद्द्यावर माझ्याआधी मोठी माणसं झगडली आहेत. ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस यांनी 1943 च्या एका पुस्तिकेत, घटस्फोटाच्याच संदर्भात, सुचवलं की लग्नं दोन प्रकारची असावीत, सरकारच्या नियमांची सर्व नागरिकांसाठी आणि मंडळीच्या नियमांची तिच्या सभासदांसाठी. त्यांचे मित्र, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांना हे मुळीच पटलं नाही. त्यांनी पत्र लिहायला घेतलं, पण ते कधी पाठवलं नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की ख्रिस्ती विवाह ही आमच्या मंडळापुरती नियमावली नव्हे. ते माणसाबद्दलचं सत्य असेल तर सगळ्यांसाठीच सत्य आहे.

माझ्याविरुद्धचा सगळ्यात वजनदार युक्तिवाद हाच, आणि तो मी दोन वाक्यांत उडवून लावणार नाही. सत्य सगळ्यांसाठी असतं हे मलाही मान्य आहे. पण ते सत्य वाटायचं काम दंडुक्याकडे दिलं की काय होतं ते पाहा. 1959 साली व्हर्जिनियात एका न्यायाधीशाने मिल्ड्रेड आणि रिचर्ड लव्हिंग या जोडप्याला एक वर्षाची शिक्षा सुनावली आणि 25 वर्षं राज्यात एकत्र पाऊल ठेवायचं नाही या अटीवर ती तहकूब केली. गुन्हा काय, तर तो गोरा आणि ती वर्णाने वेगळी असून त्यांनी लग्न केलं. पुढे 1965 साली ती शिक्षा रद्द करायला नकार देताना त्याच न्यायाधीशाने कारण दिलं ते धर्मशास्त्रातलं: सर्वसमर्थ देवाने वंश वेगवेगळे निर्माण करून वेगवेगळ्या खंडांवर ठेवले, म्हणजे त्यांची सरमिसळ व्हावी असा त्याचा हेतू नव्हता. 1967 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा एकमताने मोडीत काढला. त्या न्यायाधीशालाही वाटत असणार की आपण सत्याची राखण करतोय. येशूच्या गहू आणि निदणाच्या (तणाच्या) दाखल्यात धनी चाकरांना थांबवतो ते उगाच नाही: निदण उपटता उपटता गहूही उपटून टाकाल.

इथवर माझं गाडं सुरळीत चालायचं. 'सरकारने लग्नातून हात काढून घ्यावा, करार करा, आशीर्वाद हवा तर चर्चमध्ये या' असं मी टाळ्याखाऊ उत्तर द्यायचो.

मग एक रात्र रुग्णालयाच्या काउंटरवर काढली. मी राहतो त्या देशात समलिंगी लग्नाचा कायदा बदलायच्या आधीची गोष्ट. माझ्या एका सहकाऱ्याचा जोडीदार आत होता, शस्त्रक्रिया ताबडतोब करायची होती. फॉर्मवर रकाना होता, 'रुग्णाशी नातं'. त्याने 'मित्र' लिहिलं. काउंटरवरची बाई म्हणाली, मित्र चालत नाही, घरचं कुणी बोलवा. घरच्यांनी अकरा वर्षांपूर्वीच नाव टाकलेलं. त्याने 'मित्र' खोडलं आणि 'भाऊ' लिहिलं. बाईने दोन वेगवेगळी आडनावं पाहिली, त्याच्याकडे पाहिलं आणि कागद आत सरकवला. 'खोटी साक्ष देऊ नको' ही आज्ञा रविवारच्या शाळेत मुलांना शिकवणारा मी शेजारी उभा होतो, आणि मी चकार शब्द काढला नाही.

'सरकारने हात काढून घ्यावा' हे त्या काउंटरवर कुणाच्या कामाचं होतं?

समलिंगी लग्नं देशभर वैध करणारा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा 2015 चा गाजलेला निकालही अखेर एका रकान्याचाच होता. जिम ओबर्गेफेल आणि जॉन आर्थर वीस वर्षांहून अधिक काळ एकत्र होते. आर्थर यांना एएलएस हा स्नायू निकामी करणारा आजार, अंथरुणाला खिळलेले. त्यांचं राज्य ओहायो, तिथे हे लग्न होत नव्हतं, म्हणून 2013 च्या जुलैमध्ये वैद्यकीय सोय असलेलं विमान करून दोघं मेरीलँडला गेले, विमानतळावर उभ्या विमानातच लग्न लावलं आणि परतले. आर्थर ऑक्टोबरमध्ये वारले. भांडण होतं ते मृत्यूच्या दाखल्यावर 'हयात जोडीदार' म्हणून नाव लागण्याचं. न्यायालयाने 5 विरुद्ध 4 असा कौल दिला.

विरोधात लिहिणाऱ्या चार न्यायमूर्तींपैकी क्लॅरेन्स थॉमस यांचा निकाल लिबर्टेरियन माणसाला अडवतो. ते म्हणतात, स्वातंत्र्य म्हणजे सरकारपासून मोकळीक, सरकारकडून सवलती नव्हेत. आणि माणसाची प्रतिष्ठा सरकार देत नाही, म्हणून ते काढूनही घेऊ शकत नाही. दाखला देतात गुलामांचा. मला हे अर्धं पटतं, आणि उरलेलं अर्धं गुलामांमुळेच पटत नाही. अमेरिकेतल्या गुलामांची लग्नं देवापुढे लग्नंच होती, कायद्यापुढे शून्य. मालक नवऱ्याला एकीकडे आणि बायकोला दुसरीकडे विकू शके. त्यांची प्रतिष्ठा गेली नव्हती, खरं आहे. पण 1865 नंतर स्वतंत्र झालेली कित्येक जोडपी आपली जुनीच लग्नं नोंदवायला आली. तो कागद त्यांना का हवा होता हे ज्यांची बायको कधी विकली गेली नाही त्यांनी ठरवू नये.

म्हणून आता माझं म्हणणं असं: टेबल हटवता येत असेल तर हटवा, मी हातभार लावीन. पण जोवर ते मांडलेलं आहे तोवर तिथे रांगेत उभं राहिलेल्या कुठल्याही दोन सज्ञान माणसांना परत पाठवायचं नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यांत विवाहित असण्या-नसण्याने फरक पडतो अशा 1,138 तरतुदी 2004 साली सरकारनेच मोजल्या होत्या. ईडिथ विंडसर यांना जोडीदारीण वारल्यावर 3 लाख 63 हजार डॉलर वारसा कर भरावा लागला, कारण केंद्र सरकारच्या लेखी ती त्यांची कुणीच नव्हती. करावरून भांडण काढून सरकारला हरवणारी ही म्हातारी लिबर्टेरियनांनी डोक्यावर घ्यायला हवी होती. अलाबामाने 2019 मध्ये लग्नाचा परवानाच बंद केला. जोडपं फॉर्म भरतं, कचेरी नोंद करते. कारण उदात्त नव्हतं, काही न्यायाधीशांनी 2015 नंतर परवाने देणंच थांबवलं होतं. पण टेबल जरा लहान झालं, हेही नसे थोडके.

आता दुसऱ्या गोटातल्यांनो, तुमची पाळी. कोलोराडोतल्या ज्या केकवाल्याने समलिंगी लग्नासाठी केक करायला नकार दिला, त्याच्या बाजूने मी आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 असा त्याला कौल दिला, तोही राज्याच्या आयोगाने त्याच्या श्रद्धेला वैरभावाने वागवलं एवढ्यापुरताच. मला तेवढंही पुरत नाही. त्याचे हात त्याचे आहेत. मात्र केंटकीतल्या ज्या कौंटी क्लार्क बाईंनी, म्हणजे लग्नाचे परवाने देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांनी, आपल्या श्रद्धेपायी परवाने अडवले, त्यांचं मला पटत नाही; शिक्का त्यांचा नव्हता, सगळ्यांच्या पैशातून आलेला होता. केकवाल्यावरून माझे निम्मे मित्र दुरावले, क्लार्कबाईंवरून उरलेले.

कायदा बदलल्यावर त्या सहकाऱ्याने मला साक्षीदार म्हणून बोलावलं. आशीर्वाद दे असं तो म्हणाला नाही. त्याला माझी मतं ठाऊक आहेत. टेबल, नोंदवही, पूर्ण नाव, पत्ता. मी सही केली. मंडळीतल्या एका गृहस्थांनी तेव्हापासून बोलणं टाकलंय. एक बाई मात्र अजून दर रविवारी पायऱ्यांवर थांबवून हाच प्रश्न विचारतात, आणि मी "पण टॉल्किन काय म्हणाले" इथवर येतो तोच त्यांची बस येते. म्हणून एकदाचं लिहून काढलं.