तुम्ही विचारलंत म्हणून : फोंड्यात एल का करत नाही?

इंग्लंडमधल्या स्विंडनहून परत येऊन मला सहा वर्षे झाली, तरी फोंड्याच्या बाजारात ओळखीचे कोणी भेटले की एक प्रश्न हमखास येतो : "तिकडे तुम्ही घरी एल गाळायचात म्हणे, मग इथे का नाही? इथे तर दारूबंदीही नाही." आज त्याचे नीट उत्तर देतो; पण आधी एक दुरुस्ती. एल म्हणजे बिअरचाच एक प्रकार; ती गाळत नाहीत, आंबवतात. गाळतात ती फेणी, आणि या क्रियापदांच्या फरकातच माझे निम्मे उत्तर आहे.

कायद्याचे आधी सांगून टाकतो. इंग्लंडमध्ये घरापुरती बिअर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही. विकली नाही म्हणजे झाले. गोव्यात दर वळणावर बार असला, तरी दारू तयार करायला १९६४ च्या अबकारी कायद्याखाली परवाना लागतो. एवढे सांगितले की विचारणारे बहुधा गप्प होतात. खरे म्हणजे ही आडकाठी नसती, तरी मी इथे बादली मांडली नसती.

तिकडे मी एल करायचो ती तयार किटवर. किट म्हणजे मुख्यतः सुमारे १.७ किलोचा डबा. त्यात काकवीसारखा घट्ट, हॉप्सने (एका वेलीच्या कडू फुलांनी) कडसर झालेला माल्टचा, म्हणजे मोड आणून सुकवलेल्या बार्लीचा, अर्क असतो आणि झाकणाखाली यीस्टची लहानशी पुडी. बार्लीला मोड आणून ती सुकवणे, कोमट-गरम पाण्यात भिजवून तिच्यातील साखर उतरवणे, हॉप्स घालून उकळणे ही कामे कारखान्याने आधीच उरकलेली असतात. आपण अर्क गरम पाण्यात विरघळवायचा, किलोभर साखर घालायची, बादलीत थंड पाण्याने एकूण २३ लिटर करायचे आणि वर यीस्ट भुरभुरायचे. (साखरेऐवजी माल्टचीच भुकटी घातली तर एल पाणचट लागत नाही, हे मला तिसऱ्या खेपेला कळले.) शागुतीचे वाटण विकत आणून शागुती केल्याची फुशारकी मारू नये, असे माझा एक शेजारी म्हणे. मला तो टोमणा कधी लागला नाही, कारण वाटण तयार मिळाले तरी आच आपल्यालाच सांभाळावी लागते.

इथे आच म्हणजे तापमान. एलचे यीस्ट १८ ते २२ अंशांत सुखी असते. माझ्या दुसऱ्या खेपेला, फेब्रुवारीत, रात्री हीटर बंद केल्यावर स्वयंपाकघर १३ अंशांपर्यंत उतरे आणि यीस्ट अर्ध्या वाटेवर निजले. झाकणावरच्या नळीतले बुडबुडे थांबले, म्हणून मी समजलो की काम झाले. घनता मोजायचा काचेचा तरंगता काटा किटबरोबरच आला होता; यीस्ट साखर खाते तशी घनता उतरते. तो काटा १.०४० पासून १.०१० च्या आसपास उतरला आहे का, हे पाहण्याचेही कष्ट मी घेतले नाहीत. फेस यावा म्हणून प्रत्येक बाटलीत थोडी साखर घालून बुचे ठोकली आणि बाटल्या जिन्याखाली ठेवल्या. एप्रिलमध्ये घर उबदार झाले, यीस्ट जागे झाले, उरलेली साखर आणि नवी साखर दोन्ही खाऊ लागले. एका रात्री दोनच्या सुमारास काहीतरी फुटले. पहिल्या आवाजाला मला वाटले, दार वाजले. तिसऱ्या आवाजाला पत्नी शांतपणे म्हणाली, "तुमची एल." जिन्याखाली आमच्या चपला-बुटांत काचा आणि फेस होता, आणि तो आंबूस वास पुढे कित्येक दिवस आम्ही पायांत घालून हिंडलो. पुढच्या थंडीत बादलीभोवती आईने शिवलेली वाकळ गुंडाळली.

फोंड्यात नेमके उलटे आहे. मे महिन्यात रात्रीसुद्धा पारा २५ च्या खाली क्वचितच जातो, आणि आंबताना बादलीत स्वतःची उष्णता तयार होते ती वेगळीच. अशा उकाड्यात एलचे यीस्ट घाईने काम उरकते आणि पिकलेल्या केळ्याचा वास व घशाला चुरचुरणारी जड अल्कोहोले मागे ठेवते. ओला पंचा गुंडाळून पंखा लावा, असा सल्ला कोरड्या हवेच्या प्रदेशात ठीक आहे. आमच्याकडे जूनमध्ये दोरीवरचा पंचाच सुकत नाही, तो बादली काय थंड करणार? नॉर्वेचे क्वाइक नावाचे यीस्ट ३५ अंशांतही उत्तम चालते, हे मला ठाऊक आहे. पण त्याच्या माहितीतल्या प्रकाराची चव संत्र्याच्या अंगाने जाते, आणि मला हवी असते ती तपकिरी, कडसर इंग्लिश एल, जिला तिकडे बिटर म्हणतात.

मग याच उकाड्यात फेणीसाठी काजूच्या बोंडूचा रस कसा आंबतो, असे तुम्ही म्हणाल. तो हवेतल्या आणि फळावरच्याच यीस्टने, कोणी पुडी न टाकता, तीनेक दिवसांत आंबतो. पण तो तसाच कोणी पेल्यात ओतत नाही. तो भट्टीवर चढतो, आणि काय घ्यायचे, काय सोडून द्यायचे हे गाळणारा ठरवतो. शिवाय फेणीला तो उग्र वास हवाच असतो. एलमध्ये अशी निवड करायला कोणी नाही. यीस्टने जे केले तेच पेल्यात येते.

तुमच्यापैकी अनेकांची मुले आता तिकडे आहेत आणि हा प्रश्न त्यांच्यासाठीही असतो, म्हणून एवढे कळवा : बुडबुड्यांवर विश्वास ठेवू नये. काटा लागोपाठ दोन-तीन दिवस एकच खालचा आकडा दाखवील तेव्हाच बाटल्या भराव्यात, आणि त्या चपलांजवळ ठेवू नयेत.